खंडेनवमीला पडलेला दट्ट्या

१

खंडेनवमीच्या दुपारी दुसरबीडच्या नागरे जिनिंगमध्ये मेनचा दांडा खाली ओढला, यंत्रांची घरघर थांबली, आणि त्या शांततेत प्रेसचा दट्ट्या धाडकन खाली आला. खाली पेटीत उकंडराव होते. ओरडायलाही त्यांना सवड मिळाली नाही.

ज्यांनी जिनिंग पाहिलं नसेल त्यांना सांगायला हवं. सरकी काढलेली रुई एका लोखंडी पेटीत भरतात आणि वरून अजस्र दट्ट्या दाबून तिची गठाण बांधतात. हा दट्ट्या तेलाच्या दाबावर वर उभा असतो. उकंडराव त्या प्रेसवरचे मिस्त्री, हयात रुईत गेलेली. दुसऱ्या दिवशी दसरा, हंगामाचा मुहूर्त. त्याआधी यंत्र पुसायचं, हळदीकुंकू लावायचं, ही इथली रीत. मेन बंद झाल्या झाल्या ते झाडू घेऊन पेटीत उतरले. मिलमधल्या माणसाचा हिशेब साधा असतो: मेन बंद म्हणजे यंत्र मेलं. मेलेल्याला कोण भितं?

उपनिरीक्षक संजीवनी कायंदे पोचली तेव्हा जॅक लावून दट्ट्या उचललेला होता. उकंडरावांना बाहेर काढून वर चादर टाकली होती. चादर फारच सपाट दिसत होती. चादरीबाहेर आलेल्या पायांशी उकंडरावांची बायको अन्नपूर्णाबाई बसली होती. तळपायाला चिकटलेली रुई ती एकेक करून काढत होती. रडत नव्हती. ते बघवेना म्हणून संजीवनीनं मान फिरवली.

"अपघात?" तिनं मिलचे मालक रंगराव नागरे यांना विचारलं.

रंगरावांनी घाम पुसला. "अपघात कायचा, मॅडम? घातपात हाये हा. जानेफळचा फैजान नावाचा पोट्टा हाये, या मशीनचा कम्प्युटर त्यानंच बनवला. कंपनीशी भांडून नोकरी सोडली त्यानं. आन् काल इथं येऊन त्यानं ही पेटी उघडली होती. समद्या गावानं पाह्यलं."

त्यांनी भिंतीवरच्या कंट्रोलरच्या लोखंडी कपाटाकडे बोट केलं.

२

कंपनी लोणारची, सरोवर सिस्टिम्स. मालक प्रेम बाहेकर तिथंच उभा होता. खंडेनवमीच्या प्रसादाचं आमंत्रण होतं म्हणून आलेला. पुण्यात शिकलेला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं.

"मेन बंद झाला की कंट्रोलर लगेच मरत नाही, मॅडम," तो म्हणाला. "कपाटात बॅटरी असते. तिच्यावर कम्प्युटर थोडा वेळ जगतो. तेवढ्यात त्याच्यातला कर्नल, म्हणजे मुख्य कारभारी समजा, एकेका भागाला आवरायला सांगतो. दट्ट्याच्या वाल्व्हला निरोप जातो, कुलूप लागतं, दट्ट्या वरच अडकून राहतो. हे आवरणं जलद करायचं काम फैजाननं केलं. त्यात त्यानं काही पेरून ठेवलं असेल तर मी काय करणार? पण आत्ता मशीन ठीक आहे. स्वतःच बघा."

उकंडरावांना शवविच्छेदनाला नेल्यावर त्यानं दट्ट्या वर घेतला, पेटीत सरकीचं पोतं ठेवलं आणि मेन पाडायला सांगितलं. मेनच्या दांड्यापाशी मिलचे इलेक्ट्रिक मिस्त्री गुलाम रसूल होते. पिकलेली दाढी. दुपारी तो दांडा त्यांनीच ओढला होता. आता पुन्हा ओढताना त्यांनी डोळे मिटले.

दांडा पडला. कपाटात दिवे लुकलुकले, विझले. दट्ट्या जिथल्या तिथं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कितीदा केलं तरी पोतं शाबूत.

"बघितलंत? मशीन गुन्हेगार नाही," प्रेम म्हणाला. "माणूस आहे."

सगळ्यांच्या माना डोलल्या. संजीवनीची नाही डोलली. ती प्रेसजवळच्या वजनकाट्याकडे बघत होती. काट्याचा फलाट जमिनीत गाडलेला, आणि शेजारी आकडे दाखवणारा डबा, वायरीनं कपाटाला जोडलेला. त्या डब्यावर कुंकवाची ओली बोटं होती आणि फटीत झेंडूची एक पाकळी. प्रेसवर कुंकू नव्हतं. कपाटावर नव्हतं. पूजा अजून इथपर्यंत आलीच नव्हती. मग एकट्या काट्यालाच कुंकू कसं काय?

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वरिष्ठ होते. गावात कुजबुज वाढते आहे, म्हणाले. पोराला उचललं आहे, उद्या दुपारपर्यंत अटक दाखवून मोकळ्या व्हा.

३

ठाण्याच्या ओसरीवर फैजानची आई बिलकिस बसली होती. संजीवनी दिसताच ती उठली.

"मॅडम, माह्या लेकरानं मुंगी नाई मारली कधी. बाहेर लोक काय बोलून राह्यले ते आयकू येते मले. एकदा का त्याच्या नावावर खून चढला, तर मंग तो सुटून आला तरी काय कामाचा? जानेफळात आमाले राहू देतीन का कोनी?"

खोटा धीर देणं संजीवनीला कधी जमलं नाही. ती आत गेली.

फैजान भिंतीला टेकून बसला होता. चष्म्याची एक काडी तुटलेली. शिपायांनी उचलताना झालेलं असणार. संजीवनी मनात चरफडली. चौकशी नाही, काही नाही, आणि म्हणे अटक दाखवा! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

"काल कपाट काऊन उघडलं?"

"बॅटरी पाहाले," फैजान म्हणाला. "मले कोनीतरी सांगतलं होतं का प्रेमसर लहान बॅटरी लावून राह्यले. खरं निघालं."

"बॅटरी लहान असली तर काय होते?"

तो सावकाश समजावू लागला. "मॅडम, आधी कर्नल एकेकाले झोपवत होता. एक झोपला का दुसरा, दुसरा झोपला का तिसरा. लई टाइम लागे. मी ते बदललं. ज्याचं ज्याच्याशी काही घेणं नाही, त्याहिले एकाच वेळी झोपवायचं. पण एक गोष्ट सोडता येत नाई. वाल्व्ह कपाटाशी थेट बोलत नाई. मधात एक कार्ड हाये, निरोप त्याच्यातून जाते. ते कार्ड म्हंजे माय समजा आन् वाल्व्ह लेकरू. लेकरू झोपल्याबिगर मायनं झोपाचं नाई. माय आधी झोपली तर कुलपाचा निरोप पोचवन कोन?"

"मग तू तशी सोय केली नव्हती?"

"केली होती! कुलूप लागल्याचा उलटा निरोप आल्याशिवाय मायले झोपू देत नव्हतो. पन त्याच्यात वेळ जाते, त्याले मोठी बॅटरी लागते. सर म्हने, ते काढ. मी नाई म्हनलो, नोकरी सोडली. काल लहान बॅटरी पाह्यली आन् मले समजलं, माह्या मागून त्याहिनं ते काढलं. त्याच्याबिगर तेवढ्याशा बॅटरीत काम उरकतच नाई."

"हे कोणाले सांगितलं?"

"रंगरावशेठले. म्हनलं मुहूर्त करू नका. त्याहिनं माह्यासमोरच सरले फोन लावला. सर म्हनले असतीन पोट्टा जळते, दुसरं काय?"

हे रंगरावांनी सांगितलंच नव्हतं. अर्धं सांगायचं आणि अर्धं गिळायचं, शहाणी माणसं खोटं बोलतात ती अशीच. पण संजीवनीसमोर अडचण तशीच होती.

"तू म्हणतो तसं असतं, तर आज आमच्यापुढं दट्ट्या पडायला पायजे होता. एकदाही नाही पडला."

फैजानच्या चेहऱ्यावरचा उरलासुरला रंगही उडाला. "नाई पडला? एकदाही?"

संजीवनीच्या मनात आलं, गेलं पोरगं. आणि मग तिला तो कुंकवाचा डबा आठवला.

"त्या कार्डाले वाल्व्हशिवाय आणखी काय जोडलेलं असते?"

"काटा," फैजान म्हणाला आणि एकदम ताठ बसला. "वजनकाटा! थो लई हळू झोपते, मॅडम. रेंगाळत बसते. त्याच्यासाठी माय जागी राह्यते, आन् तेवढ्यात वाल्व्हचा निरोपही जाऊन जाते. काटा असला तर दट्ट्या पडनार नाई. काटा काढला तर..."

त्यानं हातानंच दट्ट्या पडल्याची खूण केली.

४

दसऱ्याच्या सकाळी मिल सुतकी होती. ऑफिसात कालची पूजा तशीच मांडलेली. पाटावर लाल कापड, त्यावर नट आवळायचे पाने, हातोडे, गठाण बांधायच्या तारेची कात्री, सगळ्यांवर झेंडू. रंगरावांची आई रुक्मिणीबाई निरांजनात तेल घालत होती.

कापडाच्या मधोमध अक्षतांनी आखलेला एक चौकोन होता. चौकोन रिकामा होता.

"इथं काय होतं, आजी?"

"काट्याचा डबा, माय. व्यापाऱ्याची लक्ष्मीच ते. दरसाल मांडतो आमी. गुलामभाईनं वायर काढून आणून देला, मी कुकू लावलं. मंग तिकडं आवाज झाला, समदे धावले. माघारी येऊन पाह्यतो तर डबा नाई. मले वाटलं तुमीच नेला पंचनाम्याले."

"तुमच्यापैकी कोणी उचलला असेल?"

रुक्मिणीबाईनं कानाला हात लावले. "उत्तरपूजा झाल्याबिगर? अवो, पूजेतलं हत्यार कोनी हालवते का? मिलमधलं लहान लेकरूही हात नाई लावनार."

संजीवनी मागे गुलाम रसूलकडे गेली. ते सायकल स्टँडच्या कट्ट्यावर बसले होते.

"काट्याची वायर तुम्ही काढली होती, चाचा?"

"हाव. पूजेसाठी." त्यांनी मान खाली घातली. "मेन पाडाच्या जरासा आधी. मालकानं सांगतलं, मी काढली. मंग मालकानं सांगतलं, मी मेन पाडला. माह्याच हातानं गेला उकंडराव. आमी दोघं संगच लागलो होतो या मिलमधे."

"आणि परत कोणी लावली?"

त्यांनी मान वर केली. "परत? मी नाई लावली. मी तर पेटीपाशी होतो त्याले काढाले. मी मुसलमान हाये, मॅडम, पन या मिलमधली एवढ्या वर्साची पूजा माह्यासमोर झाली. मांडलेल्या वस्तूले मी हात लावन?"

म्हणजे माणूस चिरडून मेला, सगळे त्याच्याकडे धावले, आणि त्या गदारोळात एक जण उलट दिशेला, ऑफिसात गेला. पूजेतला डबा उचलला आणि जागच्या जागी आणून जोडला. फैजान तेव्हा जानेफळला होता. मिलचा माणूस पूजेला हात लावणार नाही. मग राहिला कोण? पण राहिला म्हणजे सिद्ध झाला, असं कोर्ट मानत नाही. प्रेम सरळ म्हणेल, सुतावरून स्वर्ग गाठू नका. संजीवनीनं आधी शिपायाला कामाला लावलं: सरोवर सिस्टिम्सचं यंत्र जिथं जिथं असेल त्या प्रत्येक मिलला फोन कर, प्रेसला हात लावू नका म्हणावं. मग तिनं प्रेमला बोलावून घेतलं.

५

"साहेबांसाठी एकदा शेवटचं दाखवा," ती त्याला म्हणाली. "मग तुमचं मशीन सुटलं."

प्रेमनं आधी काट्याकडे नजर टाकली. डबा जागेवर, वायर जोडलेली. त्याचा चेहरा खुलला. रंगराव, रुक्मिणीबाई, मिलचे हमाल, सगळे गोळा झाले होते. मेनच्या दांड्याला संजीवनीनं स्वतः कुलूप घालून किल्ली मुठीत धरली होती. ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

"पोतं तुम्हीच ठेवा आत. मशीन तुमचं."

"अवश्य," प्रेम म्हणाला आणि सरकीचं पोतं घेऊन पेटीत वाकला. अर्धं धड आत, मान दट्ट्याच्या खाली.

संजीवनीनं गुलाम रसूलना खूण केली. त्यांनी काट्याची वायर उपटली. डबा टींऽऽ करून बंद पडला.

अंगावर उकळतं पाणी पडावं तसा प्रेम पेटीतून बाहेर आला. पोतं आतच राहिलं. "काटा कोणी काढला? मेनला हात लावू नका! कोणी मेनला हात लावू नका!"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मिलनं भर सकाळी पाहिलं.

"काट्याचं काय, बाहेकर?" संजीवनीनं शांतपणे विचारलं. "वजन करायचा काटा तो. तो निघाला म्हणून तुम्ही मेनला का भ्यालात? काट्याचा न् दट्ट्याचा संबंध मी तुम्हाला सांगितलेला नाही. कोणीच सांगितलेला नाही."

"मला... म्हणजे सिस्टिम अर्धवट..."

"थांबा." तिनं त्याला हातानं मागे केलं, सगळ्यांना दूर सरकायला लावलं, कुलूप काढलं आणि दांडा स्वतःच्या हातानं पाडला.

कपाटात दिवे विझले न विझले तोच दट्ट्या कोसळला. सगळी फरशी हादरली. पोतं फाटून सरकी हमालांच्या पायांपर्यंत उडाली. बाया किंचाळल्या.

"काल तुम्ही आवाज ऐकला, आत आलात, काट्याची वायर लोंबताना दिसली आणि क्षणात ओळखलंत," संजीवनी म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "कारण हे तुम्ही आधी पाहिलेलं होतं. लोणारच्या तुमच्या वर्कशॉपमध्ये काटा नसताना दट्ट्या पडला असणार. काटा जोडला की पडत नाही हेही तिथंच कळलं. तुम्ही म्हणालात, प्रत्येक मिलमध्ये काटा असतोच, चालतंय की! दुरुस्त करायचं सोडून तसंच विकलंत. खंडेनवमीला काटा पूजेत जातो, हे मात्र तुमच्या ध्यानात राहिलं नाही. इथला असून राहिलं नाही! आणि तो माणूस पेटीत असताना तुम्ही त्याच्याकडे नाही धावलात. तुम्ही काट्याकडे धावलात."

प्रेमचे ओठ हलले. "एकदाच झालं होतं वर्कशॉपमध्ये. मोठी बॅटरी कपाटात मावत नव्हती, सगळं डिझाइन बदलावं लागलं असतं. हंगाम तोंडावर होता. मला वाटलं, दिवाळीनंतर नीट करू."

"दिवाळीनंतर!" गुलाम रसूल ओरडले आणि त्याच्या अंगावर धावून गेले. दोन शिपायांनी त्यांना धरलं तेव्हा ते लहान पोरासारखे रडत होते.

प्रेमला गाडीत घातलं. रंगराव संजीवनीच्या मागे मागे आले. "मॅडम, त्या पोरानं मले सांगतलं होतं. मी ऐकलं नाई. ते पन लिहा." तिनं मान हलवली. रुक्मिणीबाई लेकाकडे बघत होती. त्या नजरेपुढं कुठलाही जबाब फिका होता.

६

दुपारी अटक दाखवायची वेळ झाली ती दुसऱ्याच नावावर. फैजानला सोडलं. बिलकिसनं ओसरीवरच त्याला मिठीत घेतलं, त्याच्या पाठीवरून, डोक्यावरून हात फिरवत राहिली. बाहेर कालची कुजबुज करणारी तोंडं होती, ती आज इकडेतिकडे बघत होती. त्यातलाच एक जण पुढं होऊन फैजानला म्हणाला, "घबरू नको बे, आमाले मालूम होतं तू तसा नाई." मालूम होतं म्हणे! संजीवनीला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

"घरी जा आता," ती फैजानला म्हणाली.

"आधी उकंडरावकाकाच्या घरी जातो," तो म्हणाला. "त्याहिच्या कानावर दुसऱ्यानं घालाच्या आधी मी सांगतो, का मी नाई केलं."

त्याला एकट्याला पाठवायला तिचं मन धजेना. ती सोबत गेली. मिलच्या मागच्या वस्तीत पत्र्याचं घर, दारात तिरडीचा उरलेला बांबू. अंत्यविधी उरकला होता. अन्नपूर्णाबाई भिंतीशी बसली होती. सगळं तिला कळलेलं होतं. फैजान तिच्यापुढं खाली बसला.

"मावशी, मी नाई केलं. मी नोकरी सोडली त्याच्यापायी. परवा मी सांगाले आलो होतो."

"आयकलं मी," ती म्हणाली. "कोनाले सांगतलं तू?"

"शेठले. त्याच्या आधी प्रेमसरले."

"उकंडराव कुठं होते तवा?"

"तिथंच. प्रेसपाशी. मी कपाट पाहत होतो तर त्याहिनंच बत्ती धरली होती."

"त्याहिले काऊन नाई सांगतलं?"

ठाण्यात एवढे प्रश्न झाले, हा एक कोणीच विचारला नव्हता. संजीवनीलाही सुचला नव्हता आणि आता तिला त्याची लाज वाटली. फैजानच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तो कसाबसा बोलला.

"मले वाटलं, काकाले ते समजनार नाई. कर्नल, कार्ड, समदं..."

अन्नपूर्णाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच फैजानला सोसेना. त्यानं मान खाली घातली.

"मेन पाडल्यावर आत जाऊ नका," ती म्हणाली, "एवढं समजलं असतं त्याहिले."